नक्षी आणि धार : दमास्कस सुऱ्यांच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

पुण्यातील एका भेटवस्तू विक्रेत्याने आमच्या सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील कार्यशाळेकडे स्वयंपाकघरातील सुऱ्यांची चौकशी केली आहे. नक्षी ठसठशीत हवी आणि थर जितके जास्त तितके चांगले, एवढीच त्यांची अट आहे. त्याच सुमारास होटगी रस्त्यावरील एका खाणावळीच्या मालकांनीही सुऱ्या मागितल्या. त्यांना नक्षीशी काही कर्तव्य नाही, सकाळी लावलेली धार रात्रीचा कांदा चिरून होईपर्यंत टिकावी एवढेच त्यांचे म्हणणे आहे. दोन्ही कामे एकाच भट्टीतून निघणार असल्याने नक्षीचा कापण्याशी काही संबंध आहे का, हे ऐकीव माहितीवर न सोडता आपल्याच पात्यांवर तपासून पाहायचे ठरले.

त्यासाठी एकाच मापाच्या तीन सुऱ्या करायच्या आहेत. पहिली १०८४ या साध्या कार्बन पोलादाची, एकजिनसी. दुसरी १०८४ आणि १५एन२० (निकेल असलेले पोलाद) यांचे थर सांधून केलेली, म्हणजे ज्याला आज बाजारात दमास्कस म्हणतात ती. तिसरीचा गाभा साध्या १०८४ चा आणि दोन्ही गालांवर थरांचे पोलाद, म्हणजे नक्षी दिसेल पण धारेपर्यंत पोहोचणार नाही. पात्याची लांबी आठ इंच ठेवली आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती शस्त्र नियमांत वेगळी धरली जातात. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली असली, तरी भेटवस्तूच्या दुकानात हे कोणाला समजावून सांगत बसण्यापेक्षा आठ इंच बरे.

२२ नोव्हेंबर

विक्रेत्यांनी नमुना म्हणून बाजारातून घेतलेली एक 'दमास्कस' सुरी पाठवली होती, तिची तपासणी केली. गालांवर पाण्याच्या लाटांसारखी सुरेख नक्षी आहे, पण पात्याची पाठ मात्र कोरी, एकसारखी चकचकीत. सोलापुरी चादर उलटली तरी मागच्या बाजूला तीच नक्षी रंग बदलून दिसते, कारण ती विणीतच असते, कापडावर छापलेली नसते. थरांच्या पोलादाचेही तसेच आहे, गालावरची रेघ पाठीवरून वळून दुसऱ्या गालावर उतरलीच पाहिजे. कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर फिरवल्यावर नक्षी गेली, आणि तो भाग फेरिक क्लोराइडमध्ये (पोलाद खाणाऱ्या आम्लधर्मी द्रावणात) बुडवल्यावर ती परत उमटली नाही, सगळा पृष्ठभाग सारखाच करडा झाला. नक्षी लेझरने कोरलेली होती.

ही फसवणूक उघडकीला आणणे सोपे आहे. अधिक विचार करायला लावणारी गोष्ट अशी की त्या सुरीचे पोलाद वाईट नव्हते. कानस तिच्यावरून घसरत होती, म्हणजे पाते कठीण होते, आणि धार व्यवस्थित लागत होती. म्हणजे खोट्या नक्षीची सुरी चांगली कापू शकते, आणि खऱ्या नक्षीची सुरी पाणी नीट न दिल्यास, म्हणजे तापवून झटकन निववून कठीण न केल्यास, कुचकामी ठरू शकते. विक्रेत्यांना तसे कळवले आहे.

२ डिसेंबर

माल जमा झाला. १०८४ मध्ये कार्बन ०.८४ टक्क्यांच्या आसपास असतो. १५एन२० मध्ये ०.७५ टक्के कार्बन आणि सुमारे २ टक्के निकेल असते. नक्षीचा सगळा खेळ या निकेलवर आहे, कारण आम्लात १०८४ काळे पडते आणि निकेलवाला थर उजळ राहतो. दोन्ही पोलादे साधारण एकाच तापमानाला पाणी घेतात, म्हणून ही जोडी जगभर रूढ झाली.

वस्तादांनी लाकडाच्या वखारीतून करवतीचे जुने पट्टे आणले होते, कारण १५एन२० मुळात अशा पट्ट्यांसाठीच वापरतात. मात्र प्रत्येक पट्ट्यात निकेल असतेच असे नाही. प्रत्येकाचा तुकडा घासून फेरिक क्लोराइडमध्ये टाकला. जे काळे पडले ते बाजूला ठेवले, आणि उजळ राहिलेले ठेवून घेतले तरी त्यांचे नेमके घटक ठाऊक नसल्याने ते या चाचणीत वापरणार नाही. चाचणीच्या सुऱ्यांसाठी विकत घेतलेलाच माल वापरायचा.

९ डिसेंबर

आज थर सांधले. पट्ट्या घासून स्वच्छ केल्या, पाच १०८४ च्या आणि मधे मधे चार १५एन२० च्या अशी नऊ थरांची गड्डी रचली, कडांना वेल्डिंगचे ठिपके दिले आणि धरायला सळई जोडली. गॅसच्या भट्टीत गड्डी लाल झाल्यावर टाकणखार (बोरॅक्स) भुरभुरला. तो वितळून सांध्यांत उतरतो, तिथली खपली (तापल्याने धरलेला ऑक्साइडचा थर) आपल्यात विरघळवून घेतो आणि नवी हवा लागू देत नाही. त्यानंतर ताव १२०० अंशांच्या वर नेला. या तापमानाला गड्डी पिवळी धमक होते, वरचा टाकणखार ओलसर चकाकतो आणि त्यात बारीक बुडबुडे फुटू लागतात. वस्ताद भट्टीच्या तोंडाशी वाकून तेवढेच पाहत असतात, पायरोमीटरच्या आकड्याकडे त्यांचे लक्ष नसते.

पहिले घाव हलके आणि मधून बाहेर, म्हणजे वितळलेला टाकणखार आत न अडकता कडेने उडून जातो. ऐरणीवर गड्डी निवत असताना वस्तादांनी बोट दाखवून सांगितले, "साहेब, वरचा थर आधी काळवंडला तर समजायचं सांधा धरला नाही." कारण सरळ आहे, थर खालच्या पोलादाला चिकटला नसेल तर आतली धग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि तो एकटाच लवकर निवतो. आजची गड्डी सगळीकडून सारखी निवली.

गड्डी लांब करून तिचे तीन तुकडे केले आणि एकावर एक रचून पुन्हा सांधले, असे आणखी दोनदा केले. नवाचे सत्तावीस, मग एक्याऐंशी, मग दोनशे त्रेचाळीस, असा हिशेब विक्रेते करतात. पण आमच्या गड्डीची वरची आणि खालची पट्टी दोन्ही १०८४ च्या आहेत, त्यामुळे तुकडे रचताना १०८४ वर १०८४ येते आणि दोन थरांचा एकच जाड थर होतो. खरी संख्या २५, ७३ आणि २१७ अशी येते. वेष्टनांवर छापलेल्या थरसंख्यांपैकी किती संख्यांमध्ये ही वजाबाकी केलेली असते, हा एक मजेचा विषय आहे.

१२ डिसेंबर

विक्रेत्यांनी पाठवलेल्या मजकुराच्या मसुद्यात 'कठीण थर कापतो आणि मऊ थर पात्याला लवचिकपणा देतो' असे वाक्य आहे. हे वाक्य इतके पटण्याजोगे वाटते की ते खोडण्यापूर्वी कारण लिहून ठेवणे आवश्यक आहे.

सांधण्याच्या तापमानाला पोलादातील कार्बन जागच्या जागी राहत नाही. त्याचे अणू लहान असल्याने लोखंडाच्या अणूंमधील पोकळ्यांतून ते सरकत जातात, आणि १२०० अंशांना एका मिनिटात साधारण दशांश मिलिमीटर एवढे अंतर कापतात. आमच्या पात्याची पाठ अडीच मिलिमीटर जाड आहे. त्यात २१७ थर बसवले तर एकेक थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा उरतो. एवढा वेळ तापलेल्या गड्डीत शेजारच्या दोन थरांचा कार्बन वेगळा राहणे शक्य नाही, तो सगळीकडे सारखा होतो. निकेलचे अणू मात्र लोखंडाच्या अणूंच्याच जागी बसलेले असतात आणि एका मिनिटात मिलिमीटरचा हजारावा भागही धड ओलांडत नाहीत. म्हणून नक्षी टिकते आणि कठीणपणातला फरक पुसला जातो. डोळ्यांना थर दिसतात ते निकेलमुळे. धार ज्या कार्बनवर अवलंबून आहे त्याचे थर पात्यात उरलेलेच नसतात.

यावरून दुसरीही एक गोष्ट निघते. स्वस्त मालात जास्त कार्बनच्या पोलादाबरोबर निम्मे साधे मऊ लोखंड घालतात, तेव्हा मऊ थर मऊ आणि कठीण थर कठीण राहत नाही. सगळ्याच पात्याचा कार्बन सरासरीवर येतो. एक टक्का कार्बनच्या पोलादात निम्मे मऊ लोखंड गेले की अर्धा टक्का उरतो, आणि तेवढ्या कार्बनवर सुरीला हवा तो कठीणपणा येत नाही. शुद्ध निकेलचा पत्रा घातला तर नक्षी लखलखीत दिसते, पण तो थर पाणी घेतच नाही, आणि तो धारेवर आला तर तिथे मऊ पट्टा राहतो. देखणेपणासाठी धारेची किंमत मोजावी लागते ती अशा ठिकाणी. १०८४ आणि १५एन२० या जोडीत तसे होत नाही, कारण दोन्ही पोलादे स्वतंत्रपणेही सुरीला चालण्याजोगी आहेत.

२० डिसेंबर

पाती घडवून झाली. सांधण्याच्या तावात पोलादाचे कण मोठे होतात, ते पुन्हा बारीक व्हावेत म्हणून तिन्ही पाती उतरत्या तापमानाने तापवून हवेत निववली. बाजूला काढलेला एक नमुना त्याआधी मोडला होता, त्याच्या मोडीत भरड, चकाकते दाणे दिसले. नंतर मोडलेल्या तुकड्याची मोड बारीक आणि करडी आहे. एकजिनसी पोलाद एवढे तापवावेच लागत नाही, त्यामुळे त्याला हा धोका कमी असतो. दमास्कस पात्याला साध्या पात्याएवढे चांगले होण्यासाठीच आधी झालेले नुकसान भरून काढावे लागते, हे जाहिरातींत कुठे लिहिलेले नसते.

८१५ अंशांना तापवून कोमट तेलात पाणी दिले आणि लगेच २०० अंशांना दोन तासांचे टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा हलके तापवणे) दोनदा केले. औद्योगिक वसाहतीतील एका उष्णोपचार कारखान्यात कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर तिन्ही पाती तपासून घेतली. सगळी ६० ते ६१ च्या दरम्यान आली. आता धारेत फरक पडलाच, तर तो कठीणपणामुळे पडला असे म्हणता येणार नाही.

२७ डिसेंबर

फेरिक क्लोराइड चौपट पाण्यात मिसळून तिन्ही पाती बुडवली, साधेसुद्धा. सर्किट बोर्ड कोरण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते तेच हे रसायन. नंतर पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकून आम्ल मारावे लागते.

या प्रकल्पात माझे मत सर्वांत अधिक बदलले ते आज. नक्षी ही केवळ शोभा आहे असे मी धरून चाललो होतो, आणि कापण्यापुरते ते खरेही आहे. पण आम्लातून बाहेर आलेले पाते कारागिराचे सगळे काम उघड करते. दुसऱ्या सुरीबरोबर घडवलेल्या एका जादा पात्यावर पाठीजवळ नखाएवढी काळी रेघ दिसली. भिंगाखाली पाहिल्यावर तिथे टाकणखाराचा कण अडकून सांधा उघडा राहिल्याचे स्पष्ट झाले. पॉलिश केलेल्या पात्यावर ती रेघ कोणाच्याही नजरेस आली नसती. साध्या सुरीवर मुठीजवळ एक धूसर सीमारेषा उमटली, कारण तिथवरच पाते तेलात बुडाले होते आणि त्यापुढचा भाग मऊ आहे. हे हेतुपुरस्सर केलेले आहे, पण ती रेषा पात्याच्या मध्यावर आली असती तर सुरी बाद करावी लागली असती. वरचा कार्बन जळून गेलेला भाग राहिला असेल तर तोही वेगळ्या छटेत दिसतो. म्हणून यापुढे नक्षी नसलेली पातीही एकदा आम्लात बुडवून पाहायची आणि मगच पॉलिशला द्यायची, असा नियम केला आहे.

जादा पाते भंगारात टाकले.

६ जानेवारी २०२५

तिन्ही पाती पुन्हा घासून उजळ केली, म्हणजे नक्षी जवळपास दिसेनाशी झाली. धारेचा कोन दोन्ही बाजूंनी पंधरा अंश ठेवला आणि धारेच्या लगेच मागची जाडी पाव मिलिमीटर. कांद्याच्या बाजारातून आणलेल्या बारदानाची सुतळी लाकडी फळीवर कापत राहायची आणि मधून मधून वर्तमानपत्राचा कागद कापून पाहायचा, अशी पद्धत ठेवली. तागाचा धागा धार लवकर झिजवतो आणि सोलापुरात तो हवा तेवढा मिळतो.

तिन्ही सुऱ्यांचा कागद साधारण एकाच टप्प्यावर अडखळू लागला. मग साध्या सुरीचा कोन पंधराचा वीस अंश करून तीच चाचणी घेतली, तर कापायला लागणारा जोर स्पष्टपणे वाढला. नक्षीच्या आणि बिननक्षीच्या सुरीत जो फरक हाताला लागत नव्हता, तो पाच अंशांच्या फरकाने लगेच लागला.

थरांमुळे धारेला सूक्ष्म दाते येतात आणि टोमॅटोची साल चटकन पकडली जाते, असा एक दावा नेहमी केला जातो. त्याची परीक्षा वेगळी घेतली. दुसऱ्या सुरीची धार लावून झाल्यावर ती तशीच आम्लात बुडवली, पुन्हा दगडावर न घेता. आम्लाने १०८४ अधिक खाल्ले, निकेलचे थर किंचित वर राहिले, आणि धार खरोखर खरखरीत होऊन टोमॅटो पकडू लागली. दगडावर एकदा धार लावल्यावर हा गुण नाहीसा झाला, आणि साध्या सुरीला थोड्या भरड दगडावर धार लावल्यावर तिनेही टोमॅटो तसाच पकडला. म्हणजे हा परिणाम आम्लाचा आहे, थरांचा नाही.

९ जानेवारी

उजळ केलेल्या सुऱ्या मुठीच्या तळाशी फक्त क्रमांक घालून खाणावळीत दिल्या. आचारी मामांनी दिवसभर तिन्हींवर कांदा, कोबी आणि कोथिंबीर चिरली. त्यांना पहिली, म्हणजे साधी सुरी सर्वांत हलकी चालते असे वाटले. नंतर मोजून पाहिले तेव्हा तिचे टोकाकडचे पाते ग्राइंडिंगमध्ये इतर दोघींपेक्षा केसभर पातळ निघाले होते. त्यांच्या हाताने मायक्रोमीटरच्या आधी ते ओळखले.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेमुळे कार्यशाळा बंद होती. तिन्ही सुऱ्या आज हलक्या आम्लात बुडवून, बारीक पेपरने उजळ थर घासून तयार केल्या. खोल कोरल्यास नक्षी हाताला लागते आणि फोटोत छान दिसते, पण त्या खाचांत कांद्याचा चोथा आणि तेलकटपणा अडकतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीवर खोल कोरणी करणार नाही.

२१ जानेवारी

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकातील 'प्राचीन दमास्कस पोलाद' हा मजकूर बदलून दिला. जुन्या दमास्कस तलवारींचे पोलाद थर सांधून केलेले नव्हते. ते मुशीत वितळवलेले, सुमारे दीड टक्का कार्बनचे वूट्झ पोलाद होते, आणि ते दक्षिण भारतात होत असे. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम हे त्याच्या प्रसिद्ध केंद्रांपैकी एक. त्यावरची नक्षी निकेलची नसून लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगाच्या कणांच्या ओळींची असते. मायकेल फॅरेडे यांनी १८१९ मध्ये या पोलादाचा अभ्यास केला होता, पण त्या ओळी जुळण्यासाठी व्हॅनेडियमसारखे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात तरी लागते, हे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि पात्यांचे कारागीर आल्फ्रेड पेंड्रे यांच्या कामातून १९९८ मध्ये पुढे आले. थरांच्या पोलादाची परंपराही जुनीच आहे, मात्र ती वेगळी. आज बाजारात जे दिसते त्याला चालना मिळाली ती १९७३ मध्ये कारागीर विल्यम मोरान यांनी अमेरिकेतील प्रदर्शनात अशी पाती मांडल्यानंतर.

विक्रेत्यांनी फोनवर विचारले की जुने दमास्कस तरी आजच्या पोलादापेक्षा चांगले कापत असणार ना. व्हर्होवेन आणि पेंड्रे यांनी त्याचीही चाचणी घेतली होती, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉकवेल ४१ एवढ्या कमी कठीणपणाला वूट्झची धार बेअरिंगच्या पोलादापेक्षा किंचित अधिक टिकली. ६१ कठीणपणाला मात्र वूट्झ मागे पडले. आजच्या सुऱ्या ६० च्या आसपास असतात, त्यामुळे त्या कीर्तीचा आधार आम्ही घेऊ शकत नाही, असे त्यांना सांगितले. ते जरा खट्टू झाले.

३ फेब्रुवारी

खाणावळीत वापरायला दिलेल्या सुऱ्या पाहून आलो. कांद्याच्या आणि लिंबाच्या रसाने तिन्हींवर निळसर करडा डाग चढला आहे, आणि नक्षीतील उजळ रेघा मंदावल्या आहेत. दोन टक्के निकेलने पोलाद स्टेनलेस होत नाही. धारेलगतची नक्षी तर दगडावर घासताना आधीच गेली आहे. ग्राहकाला नक्षी हवी असेल तर पाते पुन्हा आम्लात बुडवून द्यावे लागेल. ही सेवा दरपत्रकात धरली आहे. ज्यांना ही देखभाल नको त्यांना तिसऱ्या प्रकारची, पण स्टेनलेस गाभा आणि स्टेनलेस गालांची सुरी सुचवता येईल. जपानी बनावटीच्या बहुतेक नक्षीदार सुऱ्या तशाच असतात. त्यांत कापतो तो गाभा, आणि गाल केवळ पाहण्यासाठी.

गंमत अशी की आचारी मामांनी आता दुसरी, नक्षीची सुरी स्वतःकडे ठेवून घेतली आहे. मागच्या वेळी पहिली पसंत होती याची आठवण दिल्यावर ते म्हणाले, "ती चांगलीच हाय ओ दादा, पण ही हातात घेतली की काम करावंसं वाटतं." तिला ते रोज संध्याकाळी धारेसाठी स्वतः दगडावर घेतात; पहिलीला तसे करत नव्हते. याचा परिणाम धारेवर होतोच, आणि तो आमच्या सुतळीच्या चाचणीत येणे शक्य नव्हते.

दर ठरवले. बिलावर दोन ओळी राहतील: सुरीची किंमत, आणि नक्षीकामाची किंमत वेगळी. सांधकामातील खपलीत आणि ग्राइंडिंगमध्ये निम्म्याहून अधिक पोलाद जाते, गॅस आणि वस्तादांचा वेळ कितीतरी पट लागतो, शिवाय काही पाती आम्लातून बाहेर आल्यावर भंगारात जातात. ती सगळी रक्कम दुसऱ्या ओळीत दिसेल. पुण्याच्या विक्रेत्यांनी हे मान्य केले असून पत्रकावर थरांची संख्या २१७ अशीच छापली जाईल, त्यांना २५० चा गोल आकडा हवा होता तरीही. खाणावळीची मागणी साध्या सुऱ्यांची आहे, आणि मालकांनी त्यात आचारी मामांकडे राहिलेली नक्षीची सुरी धरायला सांगितली आहे. तिचे बिल दोन्ही ओळींसह करायचे आहे.